उरलेल्या गोळ्या

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेणापूर हे तालुक्याचे गाव लागते. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. गावात आणि भोवतालच्या वस्त्यांवर आपली कॅथलिक कुटुंबे मोजकीच. महिन्यातून दोन रविवारी आम्ही तेथे मिस्सेसाठी जातो. कोणाच्या तरी ओसरीवर वेदी मांडली जाते, मिस्सा होते, मग चहा येतो आणि चहाबरोबर सुखदुःखाच्या गोष्टी निघतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या गोष्टी संपता संपता आमच्या मोटारसायकलच्या पेटीतून आणखी एक वस्तू बाहेर निघत असे. तो होता बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा.

डब्यात औषधे असत. मुंबईकडील काही सहृदय कुटुंबे आपल्या घरी उरलेली औषधे जमवून आमच्याकडे पाठवीत. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, की दोन दिवसांच्या गोळ्या उरतात. त्या टाकून देण्याचे जिवावर येते, म्हणून त्या गरिबांसाठी येत. मुदत संपलेली पाकिटे बाजूला काढून बाकीची आम्ही डब्यात भरीत असू. वैद्यकाचे शिक्षण आम्हाला नव्हते. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो होतो. तथापि खेड्यात फादरांच्या हातची गोळी कोणी नाकारीत नाही, आणि ‘गुण आला’ हे शब्द ऐकण्याची गोडी आम्हालाही लागली होती, हे येथे मान्य केले पाहिजे.

त्या ओसरीवर एक मावशी येत. वय साठीच्या पुढचे, अंगाने वाळलेल्या, पण मिस्सेत सर्वांच्या आधी गुडघे टेकणाऱ्या. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून औषध सुरू झाले. तीन महिन्यांत अंगात बळ आले आणि ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा औषध घरी ठेवून मावशी टोळीबरोबर गेल्या. पुढे क्षय उलटला. त्या वेळी मात्र त्यांनी संपूर्ण उपचार घेतला आणि त्या बऱ्या झाल्या. क्षय गेला, पण फुप्फुसावरचे व्रण राहिले. त्यात चुलीपुढे तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात गेलेली चाळीस वर्षे आणि दर सुगीला मळणीयंत्रापुढे उडणारी सोयाबीनची धूळ यांची भर पडली. सकाळी उठल्यावर पाऊण तास त्या खोकत. वाटीभर पिवळा बेडका पडल्याखेरीज त्यांना पदर खोचता येत नसे.

“फादर, दम लागायलाय बगा,” असे त्या म्हणाल्या, की आमचा डबा उघडे. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या बहुधा सापडत. कधी चार, कधी सहा. त्या घेतल्या की बेडक्याचा रंग निवळे. पुढच्या भेटीत मावशी हसून सांगत, “तुमची ती मोठी गोळी लई गुणाची.” दोन हिवाळे आणि मधला एक पावसाळा असे आम्ही त्यांचे वैद्य होतो. किती वेळा गोळ्या दिल्या, याची नोंद आम्ही ठेवली नाही. बाप्तिस्म्याची, विवाहाची, मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या हाताने ही एक नोंद ठेवली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये मावशींना ताप भरला. ओठ निळसर पडले. त्यांच्या मुलाने त्यांना लातूरच्या एका रुग्णालयात दाखल केले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा बेडक्याच्या तपासणीचा अहवाल आला होता. तेथील तरुण डॉक्टरांनी तो आमच्यापुढे धरला. डावीकडे औषधांची नावे आणि त्यांच्यापुढे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे या औषधाने जंतू मरतो. ‘आर’ म्हणजे मरत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर होते. त्याच्या खालच्या लिव्होफ्लॉक्सॅसिनपुढेही आर होते. जंतूचे नाव होते सुडोमोनास.

डॉक्टरांनी आम्हाला जे समजावले ते वाचकांनीही समजून घ्यावे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिकांना आतून डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती अहोरात्र हलत राहते आणि धूळ, जंतू, कफ यांना घशाकडे ढकलते. क्षयाने, वारंवारच्या न्यूमोनियाने अथवा इतर काही आजारांनी नलिकांच्या भिंती दुबळ्या झाल्या, की त्या जागोजाग रुंदावतात. चुलीचा धूर आणि विडी ही लव झडवितात. मग कफ वर येईनासा होतो व साचतो. वाहत्या ओढ्याचे पाणी निवळ असते, पण तेच डबक्यात अडले की त्यावर शेवाळ धरते. फुप्फुसातल्या या डबक्यातही जंतू वस्तीला येतात. सुडोमोनास हा ओलसर माती, पाणी, मोऱ्या अशा ठिकाणी आढळणारा जंतू. धडधाकट माणसाच्या तो सहसा वाटेस जात नाही. दुखऱ्या फुप्फुसात मात्र एकदा शिरला की घर करून बसतो. आपल्याभोवती तो चिकट पदार्थाचा थर विणतो आणि त्या थराआड औषध नीट पोचत नाही. त्याच्यावर तोंडाने घेण्याजोगी औषधे मुळात थोडी आहेत. मुख्यतः सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि तिच्या जातीची. ती निकामी झाली की सुईवाचून अथवा वाफेवाटे द्यावयाच्या औषधावाचून गत्यंतर उरत नाही. आम्ही जी गोळी ओसरीवर चहाबरोबर वाटीत होतो, ती त्या बाईसाठी अशा मोजक्या गोळ्यांपैकी एक होती.

औषधाला न जुमानण्याची ही शक्ती माणसाच्या अंगात येते, असा पुष्कळांचा समज आहे. “मला आता ती गोळी लागू पडत नाही,” असे आपण म्हणतो. वस्तुतः बदलतो तो जंतू. कोट्यवधी जंतूंमध्ये काही उपजतच चिवट असतात. औषध बाकीच्यांना मारते आणि या चिवटांना मोकळे रान मिळते. मग त्यांचीच वीण वाढते. काही जंतू आत शिरलेले औषध बाहेर फेकून देतात. काही ते तोडून टाकणारे द्रव्य तयार करतात. आणि अनेकदा ही विद्या ते आपल्यापुरती ठेवीत नाहीत, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. पोटात गेलेली गोळी फक्त छातीतल्या जंतूवर चालत नाही; आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंनाही ती हाच धडा शिकवते.

मावशी चौदा दिवस सुईवर राहिल्या आणि घरी आल्या. मेच्या अखेरीस पुन्हा दाखल झाल्या. या वेळच्या अहवालात आर अधिक होते आणि एस थोडे. जुलैमध्ये तिसऱ्यांदा दाखल झाल्या, तेव्हा अखेरचा उपाय म्हणून कोलिस्टिन द्यावे लागले. हे औषध जुने आहे. मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून डॉक्टरांनी एके काळी ते जवळजवळ बाजूस ठेवले होते. दुसरे काही चालेनासे झाले, तेव्हा ते पुन्हा हाती घ्यावे लागले. त्याच जुलै महिन्यात केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य प्राण्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. माणसाच्या शेवटच्या आशेचे औषध तोवर कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जात होते, हे आम्हाला त्या वेळी समजले. मावशींच्या मूत्रपिंडांनी साथ दिली नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना तैलाभ्यंग दिला आणि दोन दिवसांनी त्या गेल्या.

अंत्यविधीच्या प्रवचनासाठी आम्ही उभे राहिलो. अशा वेळी बोलावयाचे शब्द आम्हाला तीस वर्षांच्या सरावाने पाठ आहेत. त्यांतले एक वाक्य असते: देवाची इच्छा. त्या दिवशी ते वाक्य आमच्या तोंडून बाहेर पडले नाही. देवाच्या इच्छेखाली आपण आपले कितीतरी हिशेब लपवितो, असे वाटले. आम्ही मावशींच्या श्रद्धेविषयी चार शब्द बोललो आणि खाली बसलो.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलाला भेटून आम्ही सारे सांगितले. गोळ्या कोठून येत, त्या अपुऱ्या कशा असत, अहवालातले ते अक्षर काय सांगत होते. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “फादर, तुम्ही गोळी दिली म्हणून तर आई दोन वर्षं चालती-बोलती होती. असं मनाला लावून घेऊ नका.” त्याने आम्हाला क्षमा केली नाही, कारण त्याच्या लेखी क्षमा करण्याजोगे काही घडलेच नव्हते. ज्याला आपला अपराध समजत नाही, त्याच्याकडून क्षमा तरी कशी मागावी? डॉक्टरांनाही आम्ही विचारले होते. तो जंतू आमच्याच गोळ्यांनी चिवट झाला, की तो तसाच त्यांच्या छातीत आला, हे कोणालाच सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. त्यांनी आम्हाला दोषी ठरविले नाही आणि मुक्तही केले नाही. तेव्हापासून आम्ही तसेच आहोत.

मावशींचे दुखणे विरळा नव्हते. त्याच २०१९ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात भारतातील ३१ केंद्रांवरच्या २,१९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सर्व श्वासनलिका रुंदावलेले रुग्ण होते. त्यांतील ३५.५ टक्के लोकांच्या बाबतीत मूळ कारण पूर्वी होऊन गेलेला क्षय हे होते, आणि बेडक्यात सर्वाधिक वेळा सापडलेला जंतू सुडोमोनासच होता. आपल्या देशात क्षय बरा झालेला माणूस यादीतून वगळला जातो. त्याचे फुप्फुस मात्र पुढेही आजारी राहू शकते. त्याच वर्षी जगभरात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला. त्यांत फुप्फुसाच्या संसर्गांचा वाटा सर्वांत मोठा होता.

क्षयाच्या जंतूनेही हेच केले आहे. १९९१ साली मुंबईच्या झोपडपट्टीतील शंभराच्या आसपास खाजगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार लिहून देण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी ऐंशी निरनिराळ्या पद्धती लिहिल्या, असे एका पाहणीत आढळले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१२ च्या आरंभी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत जगापुढे ठेवली. त्यांच्या क्षयाच्या जंतूवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. एवढ्या काळात वृत्तपत्रे आम्ही रोज वाचत होतो. पण ती बातमी आमच्या डब्याविषयीही आहे, असे काही आम्हाला वाटले नाही.

पुण्यात गुरुविद्यालयात असताना मुंबईला जाता-येता पिंपरी लागत असे. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढे देशी पेनिसिलिन तेथे तयार होऊ लागले. त्या पेनिसिलिनचा गुण प्रथम ओळखणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारल्यानंतर डिसेंबर १९४५ मध्ये जे व्याख्यान दिले, ते मावशींच्या निधनानंतर आमच्या वाचनात आले. शेवटाकडे त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली आहे. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, पण औषध सोसावयास शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देऊनही ती वाचत नाही. या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंग त्या गृहस्थाकडे बोट दाखवितात. त्यांनी त्याला नाव दिलेले नाही, केवळ एक अक्षर दिले आहे. आम्ही ते पान मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो.

लातूर जिल्ह्यात राहणाऱ्याला ही गोष्ट पाण्याच्या भाषेत लवकर कळेल. येथे आडाचे पाणी आटले तेव्हा आपण बोअर घेतले. दोनशे फुटांवरचे पाणी गेले की चारशेवर गेलो, मग सातशेवर. प्रत्येकाने आपल्या वावरात, आपल्या पैशाने, आपल्या गरजेपुरते खोल खणले. त्यात कोणालाही चोरी वाटली नाही. पण खालचे पाणी एकच होते. अखेर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, ती पाहण्यास आम्हीही स्थानकावर गेलो होतो. प्रतिजैविके हाही असाच सर्वांच्या मालकीचा साठा आहे. साधी गोळी निकामी झाली की आपण तिच्याहून जालीम गोळी घेतो, ती गेली की सुई, आणि मग कोलिस्टिन. त्याच्या खाली फारसे पाणी नाही. आम्ही डब्यातून वाटलेली एकेक गोळी या साठ्यातूनच उपसलेली होती. पुढच्या कोणाची तरी घागर त्यामुळे रिती राहणार होती. ती मावशींची होती की आणखी कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की ही औषधे वाईट आहेत. त्यांनी लाखो लेकरे जगविली आहेत. क्षयाचे औषध तर ठरल्या मुदतीपर्यंत, एकही खाडा न पाडता घेतलेच पाहिजे. पण कोणत्याही खोकल्यावर गोळी हवीच, हा हट्ट सोडावा लागेल. जुन्या खोकल्याच्या रुग्णाचे दुखणे बळावते तेव्हा पुष्कळदा कारण विषाणू असतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. बेडक्यात जंतू दिसला म्हणून तो दर वेळी मारावाच लागतो असेही नाही. गोळी केव्हा, कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे; शक्य तेथे आधी बेडका तपासून घ्यावा. छातीतला कफ रोज बाहेर काढण्याचे व्यायाम आहेत, ते शिकवून घ्यावेत. चूल घराबाहेर जावी, विडी सुटावी, न्यूमोनिया आणि फ्लू यांच्या लसींबद्दल विचारावे. क्षयाच्या शंकेच्या रुग्णाने तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी मनाने कधीच घेऊ नये. तिने खोकला काही दिवस दबतो, क्षय उशिरा सापडतो आणि त्याच्या जंतूला आयती शिकवणी मिळते. पाकिटावरची तांबडी उभी रेघ याचसाठी असते: चिठ्ठीवाचून घेऊ नये. आमच्या डब्यातल्या निम्म्याअधिक पाकिटांवर ती रेघ होती. आम्ही मुदतीची तारीख तेवढी पाहत असू.

मुंबईच्या त्या कुटुंबांना आम्ही पत्रे लिहिली. उरलेली औषधे पाठवू नका, असे कळविताना हात अडखळला, कारण त्यांनी पाठविली होती ती दयाच होती. एका भगिनीने उत्तरात विचारले, मग आम्ही काय पाठवावे? तपासणीच्या खर्चासाठी आणि लातूरपर्यंतच्या गाडीभाड्यासाठी काही पाठवा, असे आम्ही लिहिले. पूर्वीइतके लोक आता पाठवीत नाहीत. गोळीची पुडी हातात दिसते, तपासणी दिसत नाही.

डबा अजून आमच्याकडे आहे. आता त्यात रुग्णांचे जुने अहवाल असतात. डॉक्टरांपुढे गेल्यावर पूर्वी काय घेतले ते कोणालाच आठवत नाही, म्हणून प्रत्येकाचे कागद एका पिशवीत घालून ठेवतो.

गेल्या डिसेंबरात मिस्सा आटोपल्यावर एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तीन दिवस खोकला आणि अंगात कणकण. त्यांची नजर डब्याकडे गेली. “एखादी गोळी द्या की फादर, उद्या त्याची शाळा हाय.” आम्ही नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांना ग्रामीण रुग्णालयात दाखवावयास सांगितले आणि सकाळी आम्हीही तेथे पोचलो. डॉक्टरांनी छाती तपासली, तापाचे साधे औषध दिले आणि आणखी काही नको, दम लागला तर परत या, असे सांगितले. बाई नाराज झाल्या. एवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडाली, असे त्या वाटेत दोनदा म्हणाल्या, आणि ते खरेच होते. आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हते. पुढच्या भेटीत मुलगा ओसरीसमोर विटीदांडू खेळत होता. त्याची आई आमच्याशी अजून थोडे तुटकच बोलली. चहा मात्र तिने आणून दिला, आणि आम्ही तो घेतला.